आधी मान्यता की आधी दुरुस्ती?

सन १७८७ च्या सप्टेंबर महिन्यातील २९ तारीख. फिलाडेल्फिया शहरात पेनसिल्व्हेनिया राज्याच्या विधिमंडळाचे अधिवेशन संपत आले होते. सभागृहात ४४ सभासद हजर होते आणि कामकाज चालण्यास ४६ हवे होते. आदल्या दिवशी दुपारी एकोणीस सभासद मुद्दामच सभागृहात परतले नव्हते. नव्या राष्ट्रीय घटनेचा विचार करण्यासाठी राज्यात परिषद बोलवावी, असा ठराव पुढे होता. घटनेचा मसुदा प्रसिद्ध होऊन दोन आठवडेही झाले नव्हते, आणि दूरच्या परगण्यांतील शेतकऱ्यांच्या हाती तो पडण्याच्या आत निवडणुका उरकण्याची ही घाई त्या एकोणीस जणांना मान्य नव्हती. संख्याच भरू द्यायची नाही, हा त्यांचा साधा उपाय. शहरातल्या जमावाने त्याहून साधा उपाय शोधला. लोक दोघा सभासदांच्या बिऱ्हाडी गेले, बळजबरीने आत शिरले, आणि जेम्स मकॅलमाँट व जेकब मायली यांना रस्त्याने ओढीत आणून फाटक्या कपड्यांनिशी सभागृहात बसविले. चव्वेचाळिसात दोन मिळून सेहेचाळीस झाले. मकॅलमाँटने उठून सांगितले की, आपणास जबरदस्तीने आणले आहे, आपणास जाऊ द्यावे. गैरहजेरीचा दंड पाच शिलिंग आहे असे समजताच त्याने ते पाच शिलिंगही देऊ केले. सभागृहात हशा झाला. त्याला जाऊ दिले नाही, आणि ठराव मंजूर झाला.

ज्या वास्तूत हे घडले तिथेच अकरा वर्षांपूर्वी अमेरिकेच्या स्वातंत्र्याचा जाहीरनामा मंजूर झाला होता, आणि अवघ्या बारा दिवसांपूर्वी त्याच वास्तूत नव्या घटनेवर सह्या झाल्या होत्या. जगातील सर्वांत जुन्या लिखित राष्ट्रीय घटनांपैकी एक, म्हणून जिचा आज गौरव होतो, तिच्या मान्यतेचा आरंभ असा झाला. तिला विरोध करणारे लोक कोण होते आणि त्यांचे म्हणणे काय होते, हे पुढील काळात बरेचसे विस्मरणात गेले. जिंकलेल्यांची ८५ पत्रे 'फेडरलिस्ट' या नावाने ग्रंथरूप झाली आणि कायद्याच्या विद्यार्थ्यांच्या हाती गेली. हरलेल्यांची पत्रे जुन्या वर्तमानपत्रांतून बराच काळ पडून राहिली.

त्या वेळी तेरा राज्यांचा एकत्र कारभार १७८१ पासून अमलात आलेल्या एका करारान्वये चालत असे. मध्यवर्ती काँग्रेसला कर बसविता येत नव्हता. ती राज्यांकडे पैसे मागे आणि राज्ये सवड होईल तसे देत, किंवा देत नसत. युद्धाचे कर्ज फिटत नव्हते. राज्याराज्यांच्या जकातींनी व्यापाराला अडथळा होई. करारात बदल करावयाचा तर तेराही राज्यांची संमती लागे, म्हणजे एकटे र्‍होड आयलंड सर्वांना अडवू शके, आणि त्याने तसे अडविलेही होते. कारभार सुधारला पाहिजे याविषयी विरोधकांपैकी बहुतेकांचा वाद नव्हता. त्यांचा वाद होता तो कोणत्या अधिकाराने आणि कोणत्या दिशेने, याविषयी.

काँग्रेसने फेब्रुवारी १७८७ मध्ये परिषद बोलाविली ती जुन्या करारात दुरुस्ती सुचविण्यापुरती. परिषद २५ मेपासून बंद दाराआड बसली. आणि १७ सप्टेंबरला दार उघडले तेव्हा बाहेर आली ती दुरुस्ती नव्हती, संपूर्ण नवी घटना होती. छप्पर शाकारण्यास बोलावलेल्या कारागिरांनी घर उतरवून नवे बांधावे, तसा हा प्रकार. त्यातही सातव्या कलमात असे लिहिले होते की, नऊ राज्यांच्या परिषदांनी मान्यता दिली की ही घटना त्या राज्यांपुरती सुरू होईल. जुन्या करारातली तेरांच्या संमतीची अट अशी एका वाक्यात बाजूस सारण्यात आली. घटनावाद्यांचे उत्तर होते की, आम्ही केवळ सूचना केली आहे. प्रत्येक राज्यात लोकांनी निवडलेल्या परिषदा तिला मान्यता देतील तेव्हाच तिला जीव येईल, आणि लोकांच्या संमतीहून श्रेष्ठ अधिकार कोणता? हे उत्तर लेचेपेचे नव्हते. फिलाडेल्फियातील त्या शनिवारी मात्र ते फारसे शोभले नाही.

भारतीय वाचकास येथे एक फरक जाणवेल. आपली राज्यघटना संविधान सभेनेच २६ नोव्हेंबर १९४९ रोजी स्वीकारली; ती प्रांतोप्रांतीच्या परिषदांपुढे मान्यतेसाठी गेली नाही. संस्थानी प्रदेशांपुरते काहीसे निराळे घडले. ग्वाल्हेर-इंदूरसह बनलेल्या मध्य भारताचे राजप्रमुख आणि हैदराबादचे निजाम यांनी त्याच महिन्यात घोषणापत्रे काढून घटनेचा स्वीकार जाहीर केला. केंद्र फार बलवान झाले आणि राज्यांना नगरपालिकांची कळा आली, हा आक्षेप आपल्याकडेही घेतला गेला, आणि डॉ. आंबेडकरांनी २५ नोव्हेंबरच्या आपल्या भाषणात त्याचा परामर्श घेतला. अमेरिकेत हाच आक्षेप तेरा ठिकाणी, तेरा निरनिराळ्या सभागृहांत, मतांच्या मोजणीला उतरला होता.

लढाईपूर्वी एक लढाई नावाचीही झाली, आणि ती विरोधक पहिल्याच दिवसांत हरले. 'फेडरल' म्हणजे राज्यांचा संघ. राज्यांचे स्वत्व राखून संघ असावा, असे म्हणणारे खरे तर विरोधकच. परंतु बळकट मध्यवर्ती सत्ता मागणाऱ्यांनी 'संघवादी' हे नाव आधी उचलले आणि समोरच्यांच्या कपाळी 'संघविरोधी' हा शिक्का मारला. ते नाव आजतागायत पुसले गेलेले नाही. राजकारणात नामकरणाचा मुहूर्त चुकला की पुढे कितीही युक्तिवाद करा, तो अर्धा तरी स्वतःच्या नावाची सफाई देण्यात खर्ची पडतो.

परिषदेतच तिघांनी अखेरच्या दिवशी सही करण्यास नकार दिला होता : व्हर्जिनियाचे जॉर्ज मेसन व एडमंड रँडॉल्फ, आणि मॅसॅच्युसेट्सचा एल्ब्रिज गेरी. यांतील मेसन हा मुद्दाम लक्षात ठेवण्याजोगा. पोटोमॅक नदीकाठचा हा जमीनदार जॉर्ज वॉशिंग्टनचा शेजारी आणि जुना स्नेही. व्हर्जिनियाचा १७७६ चा हक्कांचा जाहीरनामा मुख्यतः त्याच्याच हातचा. परिषद संपण्यास पाच दिवस उरले असता, १२ सप्टेंबरला, त्याने म्हटले की या घटनेच्या आरंभी हक्कांची सनद असती तर बरे झाले असते. राज्यांच्या सनदा समोर ठेवल्या तर काही तासांत ती तयार होईल. गेरीने तसा ठराव मांडला, मेसनने अनुमोदन दिले. हजर असलेल्या दहाही राज्यांनी तो फेटाळला. चार महिन्यांच्या उन्हाळ्याने थकलेल्या माणसांना घराची ओढ लागली होती, हेही एक कारण असेल. मेसनने मसुद्याच्या छापील प्रतीच्या मागील कोऱ्या बाजूस आपले आक्षेप लिहिले, आणि त्यांचा आरंभच असा केला की या घटनेत हक्कांची सनद नाही. वॉशिंग्टनशी असलेला त्याचा जुना स्नेह या सहीपायी संपुष्टात आला.

हक्कांची सनद का नाही, याचे घटनावाद्यांचे उत्तर ६ ऑक्टोबर रोजी जेम्स विल्सन याने फिलाडेल्फियात जाहीर सभेत दिले. राज्यांच्या घटनांत, जे राखून ठेवले नाही ते सारे सरकारला दिलेले असते. मध्यवर्ती घटनेत उलट आहे, जे दिले नाही ते सारे राखून ठेवलेले आहे. मुद्रणस्वातंत्र्यावर बंधन घालण्याचा अधिकारच काँग्रेसला दिलेला नाही; मग तो काढून घेण्याची भाषा कशाला? तर्क देखणा होता. विरोधकांनी त्याच घटनेचे पहिले कलम उघडून दाखविले. त्यात लिहिले होते की, काँग्रेसने सरदारकीचे किताब देऊ नयेत, मागील तारखेपासून गुन्हा ठरविणारे कायदे करू नयेत, आणि बंदीला न्यायासनासमोर आणविण्याचा हक्क बंडाळी वा परचक्र यांवाचून स्थगित करू नये. हे अधिकार तरी काँग्रेसला कोठे दिले होते? न दिलेल्या गोष्टी आपोआप राखल्या जात असतील तर ही वाक्ये निरर्थक. आणि ती सार्थ असतील तर ज्यांचा उल्लेख नाही ते हक्क उघड्यावर पडलेले. त्यातून काँग्रेसला आपल्या कामासाठी 'आवश्यक आणि योग्य' असे सर्व कायदे करण्याची मोकळीक होती, आणि ते कायदे राज्यांच्या घटनांहून श्रेष्ठ ठरणार होते. या प्रश्नाला विल्सनच्या पक्षाकडे शेवटपर्यंत समाधानकारक उत्तर नव्हते. संपूर्ण वादात विरोधकांचा सर्वांत बळकट मोर्चा हाच होता.

परंतु त्यांच्या मनातली खरी सल निराळी होती, आणि तिला हक्कांच्या सनदेने आराम पडण्यासारखा नव्हता. ती होती प्रतिनिधित्वाची. पहिल्या प्रतिनिधिगृहात सर्व देशातून ६५ सभासद यावयाचे होते. १७९० च्या पहिल्या खानेसुमारीत देशाची लोकसंख्या ३९ लाखांहून अधिक भरली. घटनेने तीस हजारांमागे एकाहून अधिक प्रतिनिधी नसावा असे ठरविले होते. मूळ आकडा चाळीस हजारांचा होता आणि अगदी शेवटच्या दिवशी तो तीसवर आला. चार महिने अध्यक्षस्थानी बसून वादात कधी न पडलेला वॉशिंग्टन त्या एका दुरुस्तीसाठी बोलला, इतका हा प्रश्न नाजूक होता. न्यूयॉर्कच्या वर्तमानपत्रात 'ब्रूटस' या टोपणनावाने ऑक्टोबर १७८७ पासून सोळा लेख आले. त्यांचा कर्ता कोण याविषयी विद्वानांत अद्याप एकमत नाही. पण त्या सबंध वादात त्यांच्या तोडीचे लेखन विरोधी बाजूस क्वचितच सापडेल. त्याचे म्हणणे असे : एवढ्या विस्तीर्ण देशात थोड्या प्रतिनिधींना लोक ओळखणार नाहीत आणि प्रतिनिधी लोकांना ओळखणार नाहीत. जिथे ओळख नाही तिथे विश्वास नाही. आणि जिथे विश्वास नाही तिथे कायदा पाळून घ्यावयास अखेर सैन्यच लागते. ग्रीक आणि रोमन लोकराज्ये लहान होती तोवर लोकराज्ये राहिली, विस्तारली तशी ती जुलमी झाली, हा माँतेस्क्यूचा पाठ त्या काळी प्रत्येक सुशिक्षिताला तोंडपाठ होता.

न्यूयॉर्कच्या परिषदेत मेलँक्टन स्मिथ या व्यापाऱ्याने हाच विचार घरगुती भाषेत मांडला. कर बसवायचा तर कोणाच्या गळ्याला कोणत्या वस्तूवरील कर काचतो, हे ठाऊक हवे. ते ज्ञान पुस्तकांतून येत नाही; मध्यम स्थितीतल्या शेतकऱ्याला, कारागिराला ते संसार करता करता आलेले असते. मतदारसंघ मोठे झाले की असा माणूस निवडून येणे अशक्य होईल. ज्याचे नाव, घराणे आणि पैसा दूरवर ठाऊक, तोच येईल. मॅसॅच्युसेट्सच्या परिषदेत एमॉस सिंगलटरी नावाचा एक वृद्ध सभासद उठला. तो वकील नव्हता, शाळेत गेला होता असेही नाही. त्याने सांगितले की हे वकील, हे विद्वान, हे पैसेवाले गुळगुळीत बोलून आम्हा गरिबांना ही गोळी गिळावयास लावीत आहेत. उद्या हेच काँग्रेसमध्ये जाऊन बसतील, आणि देवमाशाने योनाला गिळावे तसे आम्हा लहानांना गिळतील. या भाषणाला आणखी एका शेतकऱ्यानेच उत्तर दिले. जोनाथन स्मिथ त्याचे नाव. तो म्हणाला की आपण पदे मागणारा माणूस नाही, नांगरावर पोट भरणारा आहे. आदल्या वर्षी शेजच्या बंडाच्या वेळी अराजक म्हणजे काय ते आपण डोळ्यांनी पाहिले, आणि म्हणून ही घटना आपणास हवी. दोघांचेही म्हणणे खरे होते. म्हणूनच तर हा वाद अवघड होता.

विस्ताराच्या प्रश्नाला मॅडिसनने नोव्हेंबर १७८७ मध्ये 'फेडरलिस्ट' मालेतील दहाव्या पत्रात जे उत्तर दिले ते सर्वश्रुत आहे : देश मोठा असेल तर गट इतके असंख्य होतील की कोणा एकाला बहुमत करून इतरांना छळता येणार नाही. उत्तर बुद्धिमान होते. तथापि ते स्मिथच्या प्रश्नाचे उत्तर नव्हते. मॅडिसनला भीती होती बहुसंख्यांच्या जुलमाची. स्मिथला होती थोड्यांच्या.

खडी फौज आणि मध्यवर्ती कर यांविषयीचे आक्षेप इंग्रजी राजवटीच्या ताज्या आठवणींतून आलेले होते, आणि त्यांत नवे फारसे नव्हते. नवे होते ते न्यायालयाविषयी. राज्यघटनेचा अर्थ लावण्याचा शेवटचा अधिकार न्यायाधीशांकडे जाईल; त्यांच्यावर अपील नाही; अर्थ चुकीचा लावला म्हणून त्यांना काढता येत नाही; ते केवळ शब्द पाहणार नाहीत, आशय पाहतील, आणि आशय नेहमी मध्यवर्ती सत्तेच्या बाजूने रुंदावत जाईल, असे ब्रूटसने १७८८ च्या आरंभी लिहिले. न्यायसंस्था ही तिन्ही सत्तांत सर्वांत दुर्बळ, हा हॅमिल्टनचा प्रसिद्ध सिद्धान्त याच टीकेच्या उत्तरादाखल आला. पुढे १८०३ साली मार्बरी विरुद्ध मॅडिसन या खटल्यात सरन्यायाधीश जॉन मार्शल याने काँग्रेसच्या कायद्यातील एक कलम घटनाबाह्य ठरविले. हाच मार्शल व्हर्जिनियाच्या परिषदेत घटनेचा पुरस्कर्ता म्हणून बोलला होता.

विरोधकांच्या सर्वच भयकल्पना इतक्या तोलाच्या नव्हत्या. दहा मैल लांब-रुंदीच्या नव्या राजधानीत तटबंदी करून तेथून देशावर जुलूम होईल, असे काहींना वाटे. नॉर्थ कॅरोलिनात तर रोमचा पोप राष्ट्राध्यक्ष निवडला जाईल असे बजावणारे एक चोपडे फिरत होते, आणि जेम्स आयर्डेलसारख्या कायदेपंडिताला परिषदेत उभे राहून, राष्ट्राध्यक्ष देशातला असावा लागतो, हे गंभीरपणे समजावून सांगावे लागले. यापेक्षा अधिक खुपणारी विसंगती मेसनची. गुलामांच्या व्यापाराला १८०८ पर्यंत हात लावावयाचा नाही, या तरतुदीला त्याने अधम म्हटले. त्या व्यापाराने देशावर दैवी कोप ओढवेल, असे तो बोलला होता. आणि स्वतः त्याच्याजवळ कित्येक गुलाम होते, ते त्याने मुक्त केले नाहीत. गुलामांवरील मालकीला घटनेत पुरेसे संरक्षण नाही, अशीही तक्रार त्याने पुढे केली. हक्कांच्या सनदेचा जनक म्हणून त्याचा गौरव करताना हे झाकून ठेवण्याचे कारण नाही. ज्यांना त्या काळी कोणत्याही परिषदेत जागा नव्हती, त्यांच्या वतीने दोन्हीही पक्ष फारसे बोलले नाहीत. स्त्रियांपैकी मर्सी ओटिस वॉरन हिने मात्र टोपणनावाने एक तिखट पुस्तिका लिहिली. ती पुरुषाचीच, गेरीचीच, असा समज शतकाहून अधिक काळ टिकून राहिला.

मान्यतेची गाडी सुरुवातीला भरधाव निघाली. डेलावेअरने ७ डिसेंबर १७८७ रोजी एकमताने संमती दिली. पेनसिल्व्हेनियाने ४६ विरुद्ध २३ मतांनी. त्या तेविसांपैकी एकवीस जणांनी आपली भिन्नमतपत्रिका छापून देशभर पसरविली, आणि मकॅलमाँट-मायली यांच्या फाटलेल्या कपड्यांची हकीकत त्यातूनच दूरवर गेली. मॅसॅच्युसेट्समध्ये गाडी अडली. तिथे विरोधक बहुमतात होते असा सर्वांचा अंदाज. राज्यपाल जॉन हँकॉक गाउटच्या दुखण्याने घरीच होता. बहुमत कुठे जाते ते दिसल्यावर तो बरा होईल, असे विनोदाने बोलले जाई. जानेवारीच्या अखेरीस तो आला आणि त्याने तोडगा मांडला : घटनेला मान्यता द्यावी, पण तिच्यासोबत नऊ दुरुस्त्यांची शिफारस पाठवावी. सॅम्युएल ॲडम्सने पाठिंबा दिला. ६ फेब्रुवारी १७८८ रोजी १८७ विरुद्ध १६८ मतांनी मान्यता मिळाली. हरलेल्यांपैकी काही जण तिथेच उभे राहिले आणि म्हणाले की आम्ही विरोधात मत दिले, पण बहुमताचा निर्णय आम्ही आमच्या गावी जाऊन लोकांना समजावून सांगू.

यापुढे सर्व वाद एका प्रश्नावर येऊन ठेपला. घटनेत उणिवा आहेत हे आता दोघांनाही मान्य होते. आधी दुरुस्त्या करून मग मान्यता द्यावयाची, की आधी मान्यता देऊन मग दुरुस्त्या मागावयाच्या? जून १७८८ मध्ये व्हर्जिनियाच्या परिषदेत पॅट्रिक हेन्रीने या प्रश्नाभोवतीच रान उठविले. हा त्या काळचा सर्वांत मोठा वक्ता. एक दिवस तर तो सुमारे सात तास बोलला. 'आम्ही राज्ये' असे न म्हणता 'आम्ही लोक' असे म्हणण्याचा अधिकार या मंडळींना कोणी दिला, हा त्याचा पहिला सवाल होता. शेवटचा सवाल अधिक व्यवहारी होता. आधी करारावर सही करावयाची आणि मग अटींची बोलणी करावयाची, हे कोणता शहाणा माणूस करील? एकदा सत्ता हाती आली की ती कमी करून घेण्यास सत्ताधारी का तयार होतील? मॅडिसन ठेंगणा, प्रकृतीने नाजूक, आवाज इतका लहान की लेखनिकांना ऐकू येत नसे. त्याने शांतपणे सांगितले की, प्रत्येक राज्य आपापल्या अटी घालील तर त्यांचा मेळ कधीच बसणार नाही. आठ राज्यांनी दिलेली मान्यता पुन्हा उसवावी लागेल, आणि मधल्या काळात संघच नाहीसा होईल. रँडॉल्फ, ज्याने स्वतः सही नाकारली होती, तो याच कारणासाठी आता मान्यतेच्या बाजूस गेला. २५ जूनला ८९ विरुद्ध ७९ मतांनी मान्यता मिळाली. सहा जणांनी बाजू बदलली असती तर निकाल फिरला असता. न्यू हॅम्पशायर चार दिवस आधीच नववे राज्य ठरले होते. ती बातमी रिचमंडला अद्याप पोचली नव्हती. मतदानापूर्वी हेन्रीने सांगितले की, आपण हरलो तर शांत नागरिक म्हणून राहू, आणि या घटनेतील दोष घटनेच्याच मार्गाने दूर करण्यासाठी झटू.

न्यूयॉर्कमध्ये विरोधक ४६ आणि घटनावादी १९ असे निवडून आले होते. तरीही व्हर्जिनियाची बातमी आल्यावर, संघाबाहेर एकटे पडण्याच्या भीतीने, मेलँक्टन स्मिथसह काही जण वळले आणि २६ जुलैला ३० विरुद्ध २७ मतांनी मान्यता झाली. दुरुस्त्यांसाठी दुसरी परिषद बोलवावी, असे पत्र सर्व राज्यांना धाडण्यात आले. नॉर्थ कॅरोलिनाने मान्यताही दिली नाही आणि घटना नाकारलीही नाही. ते हक्कांच्या सनदेची वाट पाहत थांबले.

हेन्रीच्या सवालाचे उत्तर आता मॅडिसनला कृतीने द्यावे लागणार होते. व्हर्जिनियाच्या विधिमंडळाने त्याला सेनेटवर पाठविले नाही. हेन्रीच्या वजनाने तिथे दोन्ही जागा विरोधकांना गेल्या. प्रतिनिधिगृहाच्या निवडणुकीत त्याच्याविरुद्ध जेम्स मन्रो उभा राहिला, तोही घटनेचा विरोधक. मतदारसंघातील बाप्टिस्ट लोकांना धर्मस्वातंत्र्याची काळजी होती. हक्कांच्या सनदेची गरज एकेकाळी न मानणाऱ्या मॅडिसनने त्यांना पत्रे लिहून आश्वासन दिले की पहिल्याच काँग्रेसने दुरुस्त्या कराव्यात असे आपले मत आहे. फेब्रुवारी १७८९ मध्ये तो १३०८ विरुद्ध ९७२ मतांनी निवडून आला. ८ जून रोजी त्याने दुरुस्त्या मांडल्या तेव्हा त्याच्याच पक्षातले सभासद वैतागले; जकातीचे, खात्यांचे महत्त्वाचे काम पडले असताना हे काय काढले, असे ते म्हणू लागले. मॅडिसनने पुन्हा पुन्हा आठवण दिली. २५ सप्टेंबरला बारा दुरुस्त्या राज्यांकडे गेल्या. वाणी, मुद्रण, धर्म यांचे स्वातंत्र्य, ज्यूरी, झडतीपासून संरक्षण, हे सारे त्यांत होते.

करांचा अधिकार आणि खडी फौज मात्र जशीच्या तशी राहिली. न दिलेले अधिकार राज्यांकडे राहतील असे म्हणणाऱ्या दुरुस्तीत 'स्पष्टपणे' हा एक शब्द घालावा म्हणून विरोधकांनी धडपड केली. तो शब्द घातला गेला नाही. सत्तेला हात न लावता हक्कांची यादी तेवढी दिली, अशी हेन्रीच्या मित्रांची निराशा झाली, आणि व्हर्जिनियाच्या विधिमंडळात त्यांनी या दुरुस्त्याही दोन वर्षे अडवून धरल्या. हक्कांची सनद मागणाऱ्यांनीच ती रोखावी, हे ऐकावयास विचित्र. पण आपल्याला भाकर मागितली असता लोणचे मिळाले, असे त्यांना वाटत होते. अखेर १५ डिसेंबर १७९१ रोजी व्हर्जिनियानेच संमती दिली आणि दहा दुरुस्त्या अमलात आल्या. दरम्यान र्‍होड आयलंडने, व्यापार तोडण्याचे विधेयक सेनेटमध्ये मंजूर झाल्यावर, २९ मे १७९० रोजी ३४ विरुद्ध ३२ मतांनी संघात पाऊल टाकले होते. तेथील गावसभांनी दोन वर्षांपूर्वी हीच घटना सुमारे २७०० विरुद्ध २४० मतांनी धुडकावली होती.

विरोधकांपैकी मन्रो पुढे राष्ट्राध्यक्ष झाला. गेरी आणि न्यूयॉर्कचा जॉर्ज क्लिंटन उपराष्ट्राध्यक्ष झाले. मेसन १७९२ साली आपल्या मळ्यावर वारला. बारांतून ज्या दोन दुरुस्त्या मागे पडल्या, त्यांतली काँग्रेस सभासदांच्या वेतनाविषयीची दुसरी १९९२ साली, २०२ वर्षांहून अधिक काळाने, मान्य झाली. पहिली होती प्रतिनिधींच्या संख्येविषयी, लोकसंख्येबरोबर प्रतिनिधिगृहही वाढत राहावे अशी. स्मिथ आणि ब्रूटस यांच्या जिव्हारीची ती हीच. तिला पुरेशी राज्ये मिळाली नाहीत. सभागृहाची संख्या विसाव्या शतकाच्या पूर्वार्धात कायद्याने ४३५ वर थांबविण्यात आली, आणि २०२० च्या खानेसुमारीनुसार तिथला एक प्रतिनिधी सरासरीने साडेसात लाखांहून अधिक लोकांच्या वतीने बोलतो. राहता राहिले मॅसॅच्युसेट्स, ज्याने शिफारशींचा तोडगा सर्वांत आधी काढला होता. हक्कांच्या सनदेला आपली संमती औपचारिकपणे कळविण्याचे त्याच्याकडून राहूनच गेले होते. ती त्याने कळविली १९३९ साली.